घरात कुणी नोकरदार नाही, मग करिअरची चौकशी करायची कुणाकडे आणि कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. श्रीरामपूरकडच्या एका कॉलेजात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी विचारते: "वडील शेती करतात, घरात नोकरी केलेलं कुणीच नाही. एम.एस्सी. करू, फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांच्या तपासणी विभागात, लागू की एमपीएससीची तयारी करू, ते ठरत नाही. सर म्हणाले, त्या क्षेत्रातल्या लोकांशी बोल, 'इन्फर्मेशनल इंटरव्ह्यू' घे. पण अनोळखी माणसाला मी काय विचारू? आणि असं ओळख काढत फिरणं म्हणजे वशिला लावणंच नाही का?"

तुझ्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर अडलेलं आहे. मी गेली चोवीस वर्षं औषध कंपन्यांमध्ये आहे, आधी क्यूसीत आणि मग क्यूएत, म्हणजे सगळं काम ठरल्या नियमांनी होतं की नाही ते पाहणाऱ्या विभागात. या काळात कित्येक नवीन मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. त्याहून जास्त जणांशी मुलाखतीच्या आधी नुसत्या गप्पा मारल्या. त्या गप्पा म्हणजेच तुझे सर म्हणतात तो इन्फर्मेशनल इंटरव्ह्यू. मी त्याला साधं 'चौकशी' म्हणते.

वशिला म्हणजे परीक्षा टाळून आत जाणं. चौकशी म्हणजे परीक्षा कसली आहे, ती आपल्याला द्यायची तरी आहे का, हे आधी समजून घेणं. मुलीला स्थळ आलं की आपल्याकडे काय काय विचारलं जातं ते आठव. मुलगा काय करतो, घरची माणसं कशी आहेत, पाणी कुठून येतं, दोन गावं पलीकडच्या पाहुण्यांनासुद्धा फोन जातो. त्यात कुणाला लाज वाटत नाही. ज्या कामात दिवसाचे नऊ-दहा तास जाणार, त्याची मात्र आपण काहीच चौकशी करत नाही. जाहिरात दिसली की अर्ज, आणि निवड झाली की बॅग भरायची.

ज्यांचे आईवडील, काका-मावशी नोकरीत असतात त्या मुलांची ही चौकशी आपोआप होते. जेवताना वडील म्हणतात, "आज ऑडिट होतं, दोन दिवस झोप नाही." मावशी म्हणते, "आमच्याकडे एम.एस्सी.वाल्यांनाच बढती मिळते." अशी हजार वाक्यं त्या मुलांच्या कानावरून गेलेली असतात. तुझ्या घरात पाऊस, खत आणि कांद्याचा भाव यांच्याबद्दल तेवढंच बारीक ज्ञान आहे, पण नोकरीचं नाही. म्हणून त्यांना फुकट मिळालेलं तुला मुद्दाम उठून, फोन करून मिळवावं लागेल. तुझ्यासारख्या मुलींनी ही चौकशी संकोच न करता करावी असं मला फार तळमळीने वाटतं. भीड भिकेची बहीण, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही.

मी स्वतः हे केलं नव्हतं. एम.एस्सी. झाल्यावर पहिली मिळाली ती नोकरी घेतली. क्यूसी आणि क्यूए यांत फरक काय हेही मला माहीत नव्हतं. मला कच्च्या मालाच्या तपासणीला बसवलं. तीन वर्षं टायट्रेशन, ओलाव्यासाठी कार्ल फिशर, वितळणबिंदू, आणि पुन्हा टायट्रेशन. शेजारच्या खोलीत एचपीएलसीची, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारी, आठ यंत्रं होती, पण त्यांना माझा हात लागला नाही. एचपीएलसी न येणाऱ्या ॲनालिस्टला बाहेर कुणी विचारत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कंपनीचीही त्यात चूक म्हणता येत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी हलवलं नाही.

त्यातून सुटले ती एका हळदीकुंकवामुळे. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहायचे त्या बाईंच्या भाचीची एक मैत्रीण तिथे भेटली. ती दुसऱ्या कंपनीत स्टॅबिलिटी विभागात होती. स्टॅबिलिटी म्हणजे औषधं ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये महिनोन्‌महिने ठेवायची आणि ठरावीक दिवसांनी काढून तपासायची, म्हणजे गोळी किती काळ टिकेल ते कळतं. तपासणी जवळपास सगळी एचपीएलसीवर. तिळगूळ हातात घेऊन तिने अर्ध्या तासात मला जे सांगितलं, ते तीन वर्षांत कळलं नव्हतं. पुढे तिच्याच कंपनीत जागा निघाली, तेव्हा तिने कळवलं. मुलाखत मी दिली, नापास झाले, चार महिन्यांनी पुन्हा दिली आणि लागले. तिचा वशिला असता तर पहिल्याच वेळी लागले असते.

भाचीची मैत्रीण म्हणजे ओळख म्हणावी इतकीही ओळख नव्हे. पण नेमक्या अशाच ओळखी कामाला येतात, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, की ज्याने जागेबद्दल सांगितलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारे १७ टक्क्यांच्या आसपास निघाले. अधूनमधून भेटणारे सुमारे ५६ टक्के आणि क्वचितच भेटणारे २८ टक्के. पाहणी लहान होती, पण कारण पटण्यासारखं आहे. रोजच्या मैत्रिणींना तेच माहीत असतं जे तुला माहीत आहे. नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते.

२०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास आला. त्यातही मध्यम-सैल ओळखी सगळ्यांत उपयोगी ठरल्या, अगदीच परक्या नव्हे. त्यात एक बारकावा होता, तो तुझ्या कामाचा आहे: जिथे काम जास्त डिजिटल आहे अशा उद्योगांत सैल ओळखींचा फायदा होतो, आणि जिथे कमी आहे तिथे जवळच्या ओळखींचा. औषधांचा कारखाना मी दुसऱ्या गटात धरते. म्हणून लिंक्डइनवर परक्या माणसांना शेकडो रिक्वेस्ट पाठवण्यापेक्षा तुझ्या कॉलेजातून पाच-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेली माणसं शोध. ती पुरेशी लांबची आहेत आणि पुरेशी जवळचीही.

ती सापडतात कशी? नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे गुण असतात आणि मुलं पुढे कुठे गेली हेही दाखवावं लागतं. त्यामुळे कोण कुठे लागलं याची काही ना काही नोंद विभागात असतेच. नंबर थेट मागू नकोस. सरांना म्हण, "यांतल्या दोघा-तिघांना विचाराल का, मी फोन केला तर चालेल का?" सरांच्या एका फोननंतर तू परकी राहत नाहीस. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो, तिथे कंपनी आणि गाव टाकून चाळता येतं. तुला वाळूज, शेंद्रा, सातपूर-अंबड, कुरकुंभ या औद्योगिक वसाहती जवळ पडतील, तिथून सुरुवात कर.

तीन प्रकारची माणसं निवड. एक, नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षं झालेलं. त्याला सुरुवातीचे दिवस लख्ख आठवत असतात. दुसरं, आठ-दहा वर्षं झालेलं, ज्याला हा रस्ता पुढे कुठे जातो ते दिसलेलं असतं. आणि तिसरं, हे क्षेत्र सोडून गेलेलं. या तिसऱ्याला कुणी शोधतच नाही, आणि खरं तेच सांगतं. एकाचंच ऐकून ठरवू नकोस. ज्याचा साहेब वाईट होता तो अख्ख्या क्षेत्राला वाईट म्हणेल.

निरोप असा पाठव: "नमस्कार सर, मी आपल्याच कॉलेजात बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपला संपर्क अमुक सरांनी दिला. आपण क्यूसीमध्ये काम करता असं कळलं. एम.एस्सी. करावं की आधी नोकरी, हे मी ठरवते आहे. प्रत्यक्ष काम कसं असतं हे समजून घेण्यासाठी आपली वीस मिनिटं मिळतील का? आपल्या सोयीच्या वेळी मी फोन करीन." एवढंच. बायोडेटा जोडायचा नाही. 'काही जागा असेल तर बघा' हे वाक्य तर नाहीच. त्या एका वाक्याने समोरचा माणूस अडचणीत येतो, कारण जागा देणं त्याच्या हातात नसतं. 'नाही' म्हणण्यापेक्षा तो उत्तरच देत नाही. स्वतःच्या कामाबद्दल बोलणं मात्र त्याच्या हातात असतं, आणि ते बहुतेकांना आवडतंही. घरी कुणी विचारत नाही ना!

पण खोटंही बोलायचं नाही. त्याने विचारलं, "नोकरी शोधतेस का?" तर सरळ सांग, "जूनमध्ये परीक्षा संपली की शोधणार आहे, आत्ता समजून घेते आहे."

प्लँटमध्ये आणि लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी मोबाइल नेऊ देत नाहीत. त्यामुळे दुपारी पाठवलेल्या निरोपाला रात्री उत्तर आलं तर तो टाळतोय असं समजू नकोस. आधी कुठली पाळी आहे ते विचार. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी दहाला उठवलंस तर संभाषण तिथेच संपलं. सुट्टी रविवारीच असते असंही नाही, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गुरुवारी असते. दहा जणांना निरोप पाठवलास तर सहा-सात गप्प राहतील असं धरून चाल. आठवड्याने एकदा आठवण कर. तरीही उत्तर नसेल तर सोडून दे, मनाला लावून घेऊ नकोस.

आता प्रश्न. इथेच बहुतेक मुलं चुकतात. "क्यूसीमध्ये स्कोप आहे का?" हा प्रश्न मला दर महिन्याला येतो, आणि त्याचं उत्तर 'आहे' याखेरीज काय देणार? त्याऐवजी विचार, "काल तुम्ही दिवसभरात काय काय केलं?" काल म्हटलं की माणूस भाषण करत नाही, आठवून सांगतो. मग कळतं, की सकाळी दीड तास मोबाइल फेज, म्हणजे एचपीएलसीत सोडायचं द्रावण, तयार करण्यात गेला, दुपारी क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे यंत्राने काढलेल्या आलेखात, एक भलता पीक, म्हणजे उंचवटा, दिसला, आणि संध्याकाळचे तीन तास तो का आला याचा कागद लिहिण्यात गेले. क्यूसीचं निम्मं काम हातांचं आणि निम्मं पेनचं आहे. 'लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही' हे आमच्याकडचं पहिलं वाक्य. ज्या मुलीला प्रॅक्टिकल आवडतं पण जर्नल लिहायचा कंटाळा येतो, तिला हे आधी कळलं तर ती वेळीच वेगळा विचार करू शकेल.

दुसरा चांगला प्रश्न: "नवीन लागलेल्यांकडून पहिल्या सहा महिन्यांत कोणती चूक सर्रास होते?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आकडा चुकला की तो खोडून, वरून गिरवून 'दुरुस्त' करतात, किंवा वजन आधी चिठोऱ्यावर लिहून नंतर वहीत उतरवतात. कॉलेजात जे नीटनेटकं काम म्हणून शिकवलं गेलं, ते इथे डेटा इंटिग्रिटीचा, म्हणजे नोंदींच्या खरेपणाचा, भंग ठरतं. एक रेघ मारायची, सही, तारीख आणि कारण लिहायचं. हे कळलेली मुलगी मुलाखतीला आली की पाच मिनिटांत लक्षात येतं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: "तुमच्याबरोबर लागलेले आज कुठे आहेत?" एक क्यूएत गेला, एक आरएत, म्हणजे परदेशातल्या मंजुरीसाठी औषधाची कागदपत्रं तयार करणाऱ्या विभागात. एक यंत्र विकणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर झाला, एकीने लग्नानंतर सोडलं, एक अजून त्याच बाकावर आहे. या एका उत्तरात करिअरचा अख्खा नकाशा येतो. त्यालाच जोडून विचार, "बी.एस्सी. आणि एम.एस्सी. झालेल्यांत पाच वर्षांनी काय फरक पडतो?" एम.एस्सी.चा तुझा निम्मा गोंधळ इथे सुटेल.

पगार विचारायचा, पण समोरच्याचा नाही. "नवीन बी.एस्सी.ला हातात साधारण किती येतात?" असं विचार. 'हातात' हा शब्द महत्त्वाचा, कारण सीटीसी, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च, वेगळं आणि महिन्याला खात्यात पडणारं वेगळं. नेमणूक कंपनीच्या पटावर होते की कंत्राटदाराच्या, बस कुठून कुठपर्यंत आहे, मुलींना रात्रपाळी असते का, असल्यास गाडी दारापर्यंत सोडते का, हे निःसंकोच विचार. एक गोष्ट मात्र विचारू नकोस: कंपनीच्या पद्धतीचे कागद, ऑडिटमध्ये काय निघालं, कुठलं औषध बनतं आहे. गोपनीयतेच्या करारावर त्यांची सही असते.

एमपीएससीचंही असंच. मागच्या वर्षी एका मुलाने मला सांगितलं, की तो बी.एस्सी. केमिस्ट्री करून औषध निरीक्षक होणार आहे. मी त्याला एफडीएत, म्हणजे अन्न व औषध प्रशासनात, काम केलेल्या एका गृहस्थांशी बोलायला लावलं. दहा मिनिटांत कळलं की त्या पदाला फार्मसीची पदवी लागते, आणि अन्न सुरक्षा अधिकारी पदाला रसायनशास्त्रातली नुसती बी.एस्सी. चालत नाही, एम.एस्सी. चालते. पात्रता अर्थातच जाहिरातीत स्वतः वाचायची. पण तो मुलगा कोणती जाहिरात वाचायची हेच न कळता दोन वर्षं क्लासला घालवणार होता. आता तो एम.एस्सी. करतो आहे.

बोलताना तू जास्त बोलू नकोस. वीस मिनिटं झाली की स्वतःहून म्हण, "सर, वेळ झाला, मी थांबू का?" बहुतेक वेळा तेच म्हणतील, "अगं, विचार अजून." शेवटी एक विचारायचंच: "हे समजून घ्यायला मी आणखी कुणाशी बोलावं?" यातून पुढचा माणूस मिळतो, आणि तो "मला अमक्यांनी सांगितलं" असं म्हटल्यावर फोन उचलतो. ओळखी अशा वाढतात, एकेक करून. त्याच रात्री वहीत लिही: कोण, कधी, काय सांगितलं, तुला काय नवीन वाटलं. चार जणांशी बोलून झालं की वही पुन्हा वाच. जी गोष्ट तिघांनी सांगितली ती खरी धर.

दुसऱ्या दिवशी आभाराचा निरोप पाठव. नुसतं 'थँक्यू सर' नको, काय उपयोगी पडलं ते एका ओळीत लिही. आणि मग, इथे जवळजवळ सगळे कमी पडतात, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कळव. "तुम्ही म्हणाला होतात म्हणून एचपीएलसीचा पंधरा दिवसांचा कोर्स केला." "तुमच्याशी बोलल्यावर एम.एस्सी.ला ॲनॅलिटिकल घेतलं." मला आलेले असे निरोप मी जपून ठेवले आहेत. जागा निघाली की आधी त्याच मुली आठवतात, कारण सांगितलेलं ऐकून तिने पाऊल उचललं, हे मी पाहिलेलं असतं. बाकीचे कामापुरता मामा. नोकरी हवी तेव्हा उगवतात आणि मिळाली की नाहीसे होतात.

समोरचा आपणहून म्हणाला, "बायोडेटा पाठव," तर त्याच दिवशी पाठव. त्याने नाव पुढे केलं तरी लेखी परीक्षा आणि मुलाखत तुलाच द्यायची आहे. बहुतेक कंपन्यांत कर्मचाऱ्यांनी नाव सुचवण्याची अधिकृत पद्धत असते, त्यात चोरीचं काही नाही. पण कुणी 'पंधरा हजार भरा, जॉइनिंग लेटर देतो' म्हणालं तर फोन ठेव आणि नंबर ब्लॉक कर. आणि भेटायचं असेल तर दिवसा, कॉलेजात किंवा कंपनीच्या स्वागतकक्षात, मैत्रिणीला बरोबर घेऊन. फोनवर होणाऱ्या कामासाठी कुणी बाहेर एकटीला बोलवत असेल, तर त्या माणसाची माहिती तुला नको.

पहिला फोन कठीण जातो, आवाज थरथरतो. म्हणून पहिली चौकशी परक्याकडे करूच नकोस. तुमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बाटल्या भरणारे, ब्युरेट मांडून ठेवणारे परिचर असतील, वीस-पंचवीस वर्षं तिथेच असलेले. कुठला मुलगा वाळूजला लागला, कोण दिवाळीला पेढे घेऊन येतो, कोण दोन महिन्यांत परत आला, हे प्राध्यापकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं, आणि नंबरही त्यांच्या मोबाइलमध्ये असतात. उद्या प्रॅक्टिकल संपल्यावर काचेची भांडी धुवायला त्यांना हात लाव आणि विचार, "मामा, आपल्याकडची कोण कोण मुलं कंपनीत आहेत?"